रखडलेल्या प्रकल्पांकडून जोडणी काढून घेणे हा अन्याय आहे का?

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ज्या वीज प्रकल्पांचे काम वर्षानुवर्षे हललेले नाही, त्यांच्या नावे राखून ठेवलेली वीजवहनाच्या जाळ्यातली क्षमता (म्हणजे त्यांची जोडणी) काढून घ्यावी आणि तयार असलेल्यांना द्यावी, असे मी लेखात म्हटले होते. तुमचे आक्षेप दोन आहेत. ही क्षमता नुसती कागदावर अडलेली असते, त्यात कुणाचे काही जात नाही, हा पहिला. अशा नियमात छोटा विकासकच भरडला जाईल, हा दुसरा. दुसरा मला गंभीर वाटतो, पहिला मुळीच पटत नाही.

समजा, एका उपकेंद्रातून ५०० मेगावॅट बाहेर नेता येतात आणि त्यातले ४५० वाटून झाले आहेत. पैकी २०० मेगावॅटच्या जागेला अजून कुंपणही नाही. आता १०० मेगावॅटचा नवा अर्ज येतो. त्याची जमीन ताब्यात आहे, कर्ज मंजूर आहे. भारप्रवाहाचा, म्हणजे कुठल्या वाहिनीवर आणि ट्रान्सफॉर्मरवर किती वीज वाहील याचा, अभ्यास करणारा अभियंता ते रखडलेले २०० मेगावॅट चालू आहेत असे धरूनच आकडेमोड करतो. त्याला तसे धरावेच लागते, कारण त्यांचा हक्क जिवंत आहे. मग नव्या अर्जदाराला उत्तर मिळते की आणखी एक ट्रान्सफॉर्मर लागेल, खर्चाचा वाटा उचला आणि तो बसेपर्यंत थांबा. मोठा ट्रान्सफॉर्मर मागवल्यावर हाती यायला आज दोन-तीन वर्षे सहज जातात. तोवर आहे ती यंत्रणा निम्म्या भारावर चालते. पुढे रखडलेल्याने माघार घेतली, तर त्याच्या मागच्या सगळ्यांचा अभ्यास पुन्हा करावा लागतो आणि खर्चाचे वाटेही बदलतात. हे नुकसान नाही तर काय?

आणि हे अपवादाने घडत नाही. अमेरिकेत २००० ते २०१८ या काळात जोडणी मागितलेल्या प्रकल्पांपैकी २०२३ अखेर जेमतेम १९ टक्के उभे राहिले, असे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेची आकडेवारी सांगते. क्षमतेच्या हिशेबात तर १४ टक्केच. म्हणूनच तिथल्या केंद्रीय नियामकाने २०२३ मध्ये ‘जो आधी आला’ऐवजी ‘जो आधी तयार झाला’ हे तत्त्व आणले. ब्रिटनमधली जोडणीची वाट पाहणाऱ्या प्रकल्पांची रांग ७०० गिगावॅटच्या वर गेली, तेव्हा २०२५ मध्ये तिथेही तोच मार्ग धरला गेला.

आता छोट्या विकासकाकडे वळतो. त्याचे काम अनेकदा त्याच्या हातात नसलेल्या कारणांनी अडते. वनखात्याची परवानगी येत नाही, जमिनीचा वाद कोर्टात जातो, किंवा पारेषण वाहिनीच वेळेवर पूर्ण होत नाही. जाळे उशिरा तयार झाले तर विकासकाचे घड्याळ तेवढा काळ थांबलेच पाहिजे, याबाबत मला किंचितही शंका नाही. जोडणीसाठी भरायची अनामत मेगावॅटच्या प्रमाणात हवी. सरसकट मोठी रक्कम ठेवली, तर १० मेगावॅटवाला बाहेर फेकला जातो आणि १००० मेगावॅटवाल्याला ती जाणवतही नाही. आणि अर्धे काम झालेल्याची सगळी जोडणी तोडू नये. भारतात केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत ही दृष्टी दिसते. नियोजित तारखेनंतर सहा महिन्यांत जेवढी क्षमता सुरू होत नाही, तेवढ्याच क्षमतेची जोडणी रद्द करण्याची तरतूद तिथे आहे.

पण सध्याच्या रांगेत छोट्याचे भले होते, हे तुमचे गृहीतक मला उलटे वाटते. पाच ठिकाणी अर्ज टाकून, चार अडवून ठेवून, शेवटी एकच उभारणे हे खिसा खोल असलेल्यालाच परवडते. छोट्याकडे एकच जागा असते, आणि ती बहुधा या अडवलेल्या क्षमतेच्या मागेच अडकलेली असते.

मोकळी झालेली क्षमता कुठेही वापरता येत नाही, हेही खरे. ती त्या उपकेंद्राशी आणि त्यापुढच्या वाहिनीशी बांधलेली असते, त्यामुळे नव्या वाहिन्यांची गरज काही संपत नाही.

मोठ्यांना मुदतवाढ मिळतच राहते, या तुमच्या तक्रारीवर मला एकच उपाय ठाऊक आहे. मुदतवाढ दिलेल्या प्रत्येक प्रकल्पाचे नाव, कारण आणि नवी तारीख उपकेंद्रानुसार जाहीर करावी, आणि दुसऱ्या मुदतवाढीआधी रांगेतल्या पुढच्या अर्जदाराचे म्हणणे ऐकण्याची सक्ती असावी.