पडा, पण एकदाच

निकाल लागून आज सत्तावीस दिवस झाले. प्रचार कार्यालयाला दुसऱ्याच दिवशी कुलूप लागलं, पण वरचा फ्लेक्स अजून तसाच आहे. 'आता परिवर्तन अटळ', खाली हात जोडलेले उमेदवार. उमेदवारांचा फोन बंद आहे आणि बूथवर उन्हात बसलेली पोरं एकमेकांना विचारतायत, "भाऊ कुठंयत?"

तेव्हा प्रस्थापितांना धक्का द्यायला निघालेल्या तमाम होतकरू उमेदवारांसाठी, एकदाच आणि कायमचं पडण्याची ही खात्रीशीर पद्धत. अनुभवसिद्ध आहे.

सुरुवात थेट विधानसभेपासून करा. पंचायत समिती, जिल्हा परिषद असल्या पायऱ्या चढायला तुम्ही काय राजू शेट्टी आहात? ते २००२ ला जिल्हा परिषदेत गेले, २००४ ला विधानसभेत आणि २००९ ला लोकसभेत. सात वर्षं कोण घालवणार? तुमच्याकडे माघारीनंतरचा जेमतेम पंधरवडा आहे आणि रील काढणारा भाचा आहे.

अर्ज शेवटच्या दिवशी, वाजतगाजत, अडीच वाजता भरा. दार तीनला बंद होतं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, तुम्हाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. त्यात एक मेहुणा शेजारच्या मतदारसंघातला घ्या. शपथपत्रात जिथे 'निरंक' लिहायचं तिथे रकाना कोरा सोडा. छाननीत नाव उडालं की अन्याय झाला म्हणून ओरडता येतं, पडायचीही गरज उरत नाही.

चिन्ह मिळेल ते घ्या, लोक माणूस बघून मत देतात. साताऱ्यात २०२४ ला लोकांनी माणूस बघितलाच होता. लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचा 'तुतारी वाजवणारा माणूस' ३२,७७१ मतांनी पडला आणि एका अपक्षाच्या नुसत्या 'तुतारी'ला ३७,०६२ मतं पडली.

पोस्टर भरपूर, मतदारयादी मुळीच नको.

आता बूथ. बूथकडे अजिबात लक्ष देऊ नका, कारण तिथे मतं असतात. एका विधानसभा मतदारसंघात साधारण साडेतीनशे बूथ, एकेका बूथवर हजार-बाराशे मतदार. तुमच्याकडे पोरं शंभर. त्यातली साठ मिरवणुकीत गाडीच्या टपावर हवीत, उरलेल्या चाळिसांना सकाळी पाचला उठवून एजंट म्हणून बसवायचं म्हणजे डबा, पाणी, फोटोचं ओळखपत्र, सहीचा फॉर्म, एवढी कटकट कोणी सांगितली? पहाटे मॉक पोल होतं, उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान पन्नास मतं टाकून यंत्र तपासतात. तुमचा एजंट तेव्हा अंथरुणात असू द्या. संध्याकाळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष १७-सी नमुना भरतो. कोणत्या यंत्रावर एकूण किती मतं पडली, सीलचे नंबर काय, ते सगळं त्यात असतं. हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला त्याची सही केलेली प्रत द्यावीच लागते. मतमोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिटवर दिसणारा एकूण आकडा याच कागदाशी ताडायचा असतो. तुमचा एजंट मात्र चारलाच जेवायला गेलेला असतो आणि परत येत नाही. साडेतीनशेपैकी तुमच्या हाती कागद येतात अकरा. आणि निकालाच्या रात्री टीव्हीसमोर तुम्ही सांगता, यंत्रात घोळ आहे! अहो, असेलही किंवा नसेलही, पण ते म्हणायला हातात कागद लागतो ना? बाकीचे तीनशे एकोणचाळीस कुठे गेले? ज्या पक्षांना तुम्ही 'मस्तवाल' म्हणता त्यांचा माणूस प्रत्येक बूथवर शेवटपर्यंत बसला होता, प्रत घडी करून खिशात घालून मगच उठला. मस्ती असेल, पण आळस नव्हता.

पडल्यावर बूथनिहाय आकडे चुकूनही बघू नका. ते फॉर्म २० मध्ये असतात आणि चक्क फुकट मिळतात. समजा तुम्हाला नऊ हजार मतं पडली. दोन लाख वैध मतांत अनामत वाचवायला एक षष्ठांशाहून जास्त, म्हणजे ३३,३३४ मतं लागतात. तेव्हा दहा हजार रुपये गेले, बातमी झाली, 'डिपॉझिट जप्त'. सरासरी काढली तर बूथमागे पंचवीस-सव्वीस मतं, अगदी केविलवाणी. पण सरासरीवर गावं चालत नाहीत. कागद उघडला की दिसतं, चाळीस बूथवर तुम्हाला एकशेतीसच्या आसपास मतं आहेत आणि उरलेल्या तीनशे दहांवर दहा-बारा. त्या चाळीस बूथवर पाच हजार माणसांनी कुणी न सांगता, कुणी गाडी न पाठवता, पिढीजात शिक्का सोडून तुमचं बटण दाबलं. पुढची निवडणूक तिथून सुरू होते. पण ती तुम्हाला लढायचीच नाही, म्हणून कागद बंदच राहू द्या.

कोणी 'मतं खाल्ली' म्हणालं की गप्प बसा, 'बी टीम' म्हणालं की घरी जा.

आणि दुसऱ्यांदा उभं राहणाऱ्यांची नावं कुणी काढली तर विषय बदला. मायावती १९८४ ला कैरानात पडल्या, १९८५ ला बिजनौरच्या पोटनिवडणुकीत पडल्या, १९८७ ला हरिद्वारला पडल्या, आणि १९८९ ला त्याच बिजनौरमधून लोकसभेत गेल्या. कांशीराम १९८८ ला अलाहाबादला हरले, १९९१ ला इटावातून निवडून आले. त्यांनी १९८४ ला काढलेल्या बहुजन समाज पक्षाने २००७ ला उत्तर प्रदेशात २०६ आमदार आणले. तेवीस वर्षं लागली. त्रिपुरात भाजपचा २०१३ ला एकही आमदार नव्हता, २०१८ ला सरकार आलं. त्यात दुसऱ्या पक्षांतून आयते आलेले आमदार आणि दिल्लीचा पैसा होता, ते सोडा. पण भाजपचेच अभिनेते सुरेश गोपी केरळात त्रिशूरला २०१९ मध्ये लोकसभेला पडले, २०२१ मध्ये विधानसभेला पडले, २०२४ ला तिथूनच खासदार झाले. त्यांचं राजकारण पटो न पटो, मतदारसंघ बदलून पळाले नाहीत.

हां, एक नाव मी तुमच्या तोंडावर फेकणार नाही. इरोम शर्मिला. मणिपुरात लष्कराला विशेषाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध सोळा वर्षं उपोषण केलं आणि २०१७ ला विधानसभेला थौबालमध्ये ९० मतं मिळाली, नोटाला १४३. त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत तर विचारायचा हक्क कुणाला नाही. 'माणूस चांगला, पण निवडून यायचा नाही' म्हणत नेहमीचंच बटण दाबून येणाऱ्यांना तर नाहीच नाही. हे सगळे मिळून एका दिवसासाठी उलट वागले असते तर माणूस निवडून आला असता, एवढा हिशेब त्यांना येत नाही? येतो. फक्त मत वाया जायला नको असतं, पाच वर्षं वाया गेलेली चालतात.

पण तुमची सोळा वर्षं झालेली नाहीत. तुमचे पंधरा दिवस झालेत. त्या पाच हजारांनी शेजाऱ्यांचे टोमणे खाल्ले, एका म्हातारीने वाड्यावरून धमकी आली तरी नात बूथवर बसवली, आणि तुम्ही फोन बंद करून बसलात? लाज वाटत नाही?

निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, पडलेल्यांनीसुद्धा. न दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, मग जिल्हा परिषदही विसरा. आज सत्तावीस. मंडपवाल्याची पावती, डिझेलची बिलं, बँकेचं स्टेटमेंट, नोंदवही, सगळं त्या कुलपाआड टेबलाच्या खणात आहे, आणि चावी तुमच्याकडे आहे. उठा आणि दार उघडा. पोरं बाहेर उभी आहेत.