शिळा रुपया ताजा करताना

सीएम२ या अ‍ॅक्च्युअरी परीक्षेच्या पेपरात रन-ऑफ ट्रँगल, म्हणजे कुठल्या सालच्या अपघातांपोटी पुढे कितव्या वर्षी किती पैसे दिले याचा त्रिकोणी तक्ता, दिसला की आधी हायसं वाटतं. आकडे मोजून सहा, खालचा कोपरा, म्हणजे अजून द्यायचे पैसे, रिकामा, तो भरायचा. मग प्रश्नाच्या शेपटीला ओळ सापडते: महागाई विचारात घ्या.

समजा मोटार विमा, आकडे हजार रुपयांत. २०२२ च्या अपघातांपोटी त्याच वर्षी १०००, २०२३ मध्ये ६००, २०२४ मध्ये १८७ दिले. २०२३ च्या अपघातांचे १२०० आणि ७२०. २०२४ चे नुसते १५००. मागची महागाई दरसाल १० टक्के, पुढची ५.

ही महागाई तक्त्यात तिरपी चालते. अपघात कुठल्या साली झाला याच्याशी गॅरेजवाल्याला देणंघेणं नाही. तो बिल फाडतो त्या दिवसाच्या भावाने. म्हणून सगळं २०२४ च्या भावात आणायचं: २०२२ मध्ये दिलेले १००० गुणिले १.२१. ६०० आणि १२०० वेगळ्या ओळींत बसले तरी दोन्ही २०२३ मध्येच दिलेले, दोघांना १.१. शेवटच्या तिरप्या ओळीला, म्हणजे २०२४ मध्येच दिलेल्या १८७, ७२०, १५०० ला, हात लावायचा नाही. हात शिवशिवतात, तरी नाही.

आणि हे सुट्या आकड्यांवरच. पेपरात तक्ता एकत्रित बेरजेचा आला, तर गाठोडं सोडायचं, एकेक कपडा झटकायचा, पुन्हा बांधायचं. बांधल्यावर दिसतं: १२१०, १८७०, २०५७; १३२०, २०४०; १५००. विकास गुणक, म्हणजे एका वर्षात एकूण बेरीज किती पट होते ते, ३९१० भागिले २५३०, म्हणजे १.५४५५, आणि पुढचा २०५७ भागिले १८७०, म्हणजे १.१. कोपरा भरतो: २०२३ च्या ओळीत २२४४, २०२४ च्या ओळीत २३१८.१८, २५५०.

घात होतो तो इथे. समोर २२४४, हातात ५ टक्के. १.०५ ने गुणून २०४० वजा केले की ३१६.२ उरतात आणि आपण खूश. खरं उत्तर २१४.२. जादाचे १०२ कुठून आले? जे दावे देऊन झाले, ज्यांचे चेक वटले, ज्यांची गाडी रंग लावून रस्त्यावर आली, त्या २०४० वरही आपण उदारपणे ५ टक्के महागाई भत्ता चढवला! आधी वजाबाकी, २०४, मग १.०५. खालच्या ओळीत ८१८.१८ ला १.०५, पण २३१.८२ ला १.१०२५, कारण ते २०२६ मध्ये जाणार. एकूण थकीत १३२८.८७.

आता गंमत. महागाईचं नावही न काढता मूळ आकड्यांवर साधा चेन लॅडर, म्हणजे हीच गुणकांनी कोपरा भरायची पद्धत, चालवला, तर १४०४.९ येतात. परीक्षक शेवटी दोन गुणांसाठी विचारतो, हे जास्त का? बरेच जण लिहितात, 'साध्या पद्धतीत महागाई धरलेली नसते.' गुण गेले. ती धरलेली असते, मागची तशीच पुढे चालेल असं मुकाट्याने. पडताळायचं असेल तर वरची सगळी धुणी पुन्हा धुवा, फक्त पुढच्या ५ च्या जागी १० टक्के घ्या. आकडे मुद्दाम सरळ घेतलेत म्हणून इतकं चोख जुळतं, खऱ्या तक्त्यात थोडं इकडेतिकडे होईल. पण इथे सहा पायऱ्या चढून, कॅल्क्युलेटर गरम करून उत्तर येतं १४०४.९.