एक वाजून चार मिनिटं

आमच्या गाडीत कायम एक वाजलेला असायचा. दुपार असो, रात्र असो, पहाटे साडेचारला आत्याला स्टेशनवर सोडायला निघालेलो असो, डॅशबोर्डवर हिरव्या आकड्यांत 1:00. फार तर 1:04. गाडी 2004 ची, बाबांची. 15 वर्षं झाल्यावर ग्रीन टॅक्स भरून, रीपासिंग करून घेतलेली, आणि एवढ्या वर्षांत तिने दगा असा कधी दिला नाही, फक्त गेल्या पावसाळ्यापासून घड्याळाचं डोकं फिरलं. बंद पडलं असतं तर परवडलं असतं हो. पण ते स्पीडब्रेकर आला की टपकन विझायचं आणि लगेच पेटून नव्या उमेदीने 1:00 पासून सुरुवात करायचं.

थोडक्यात, किती वाजले ते न दाखवता मागच्या खड्ड्याला किती मिनिटं झाली ते दाखवायचं. आणि त्यात एकदम चोख. सोसायटीपासून ऑफिसपर्यंतचा त्याचा रेकॉर्ड 1:06, तोही सिग्नलला अडकल्यामुळे. एकदा एक्सप्रेसवेने मुंबईला चाललो होतो तर 1:41 झाले, गाडीत सगळे श्वास रोखून बसलेले, मुलगी म्हणाली बाबा आज दोन वाजणार, आणि तेवढ्यात कळंबोली आली. एक.

बायकोचं म्हणणं साधं होतं. "मनगटावर घड्याळ आहे, खिशात मोबाईल आहे, तुला अजून किती वेळ बघायची असते?" बरोबरच होतं, म्हणूनच मला राग आला.

पहिल्या रविवारी फ्यूज बघायला घेतला. फ्यूज बॉक्स स्टिअरिंगच्या खाली अशा ठिकाणी बसवलाय की डोकं पेडलांमध्ये आणि पाय दाराबाहेर ठेवूनच तो दिसतो. त्या अवस्थेत मला बघून खालच्या मजल्यावरचे काका धावत आले, "काय हो, चक्कर आली का?" मी आतूनच म्हणालो, नाही, घड्याळ बघतोय. ते थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, "साडेदहा झालेत," आणि गेले.

फ्यूज धडधाकट. मग वायरमनकडे गेलो. त्याने मल्टीमीटर लावून मागच्या चार वायरी तपासल्या, एक कायम बॅटरीची, एक चावी फिरवल्यावर चालू होणारी, एक लाईट लावल्यावर आकडे मंद करणारी आणि एक अर्थिंग. चारही ठीक. "साहेब, प्रॉब्लेम घड्याळातच आहे. नका नादी लागू. चायनाचं मिळतं दीडशेला, मागे टेप असते, चिकटवा आणि मोकळे व्हा." म्हणजे डोळा अधू झाला म्हणून कपाळावर दुसरा चिकटवायचा. नको म्हटलं.

कंपनीकडे हा पार्ट कधीच बंद झालेला. नाना पेठेतल्या दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "सुटं घड्याळ येत नाही, पूर्ण डॅशबोर्ड येतो." मी म्हटलं मग डॅशबोर्ड कितीला? तर म्हणे, "तोही येत नाही."

राहिला जुना बाजार. तिथे रविवारी नळाच्या तोट्या, अडकित्ते आणि एकेकट्या चपलांच्या शेजारी मला चक्क हुबेहूब माझं घड्याळ सापडलं. दोनशे रुपये, "चालू आहे साहेब, गॅरंटी." घरी येऊन राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर लावला तर खरंच चालू होतं. फक्त तासाच्या आकड्यातली उजवीकडची वरची दांडी पेटत नव्हती. म्हणजे आठाचा सहा दिसायचा आणि नवाचा पाच. नऊ आणि पाच यात त्याला काही फरकच वाटत नव्हता, बहुतेक एखाद्या साहेबाच्या ऑफिसच्या गाडीतलं असावं.

मग आपलंच उघडायचं ठरवलं. व्हिडिओतला माणूस दोन बोटांनी पॅनल ओढतो आणि ते फुलासारखं हातात येतं. आमचं प्लास्टिक वीस वर्षं उन्हात तापून पापड झालेलं. स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडतील म्हणून स्वयंपाकघरातला सराटा फडक्यात गुंडाळून आणला (उद्या धिरडी कशाने उलटू, ही चौकशी झाली), फटीत घातला, हळूच दाबला, आणि टक्क. हा लॉक निघाल्याचा आवाज की तुटल्याचा, हे प्लास्टिकच्या बाबतीत नंतरच कळतं. चारपैकी एक तुटला. एक स्क्रू गिअरच्या रबराखाली गेला, तो शोधताना एक चॉकलेटचा कागद, आईची हरवलेली टिकल्यांची डबी आणि चाराण्याचं एक नाणं निघालं. चाराणे 30 जून 2011 ला चलनातून गेले, त्याची गाडीच्या पोटातल्या या नाण्याला खबरच नव्हती. स्क्रू नाही निघाला.

घड्याळ स्टीलच्या डब्यात घालून तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, घेऊन गेलो. तिथल्या एका काकांनी ते सप्लायला जोडलं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पाठीवर हलकेच टिचकी मारली. विझलं. परत आलं, 1:00. काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. सप्लायच्या पिनेच्या पायाशी सोल्डरच्या डागाचा चकचकीत टेकू, आणि त्याच्याभोवती केसाएवढं बारीक काळं कडं. "डाग सुटलाय. उन्हात फुगतो, रात्री आक्रसतो, त्यात आपले रस्ते. हादरा बसला की सप्लाय तुटतो, की हे सगळं विसरतं. डाग मारून देतो, पन्नास रुपये द्या."

इथे कुठलाही शहाणा माणूस पन्नास रुपये काढतो. मी म्हणालो, "नको, मीच करीन." काकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यांना माझ्यासारखे दिवसाला चार भेटत असणार, आणि मग शांतपणे 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न, स्टँड, सोल्डर वायर आणि फ्लक्सची, म्हणजे राळेची, डबी काउंटरवर मांडली. 640 रुपये झाले.

डायनिंग टेबलावर रात्री जेवणं आटोपल्यावर बसलो. ते छोटं सर्किट हातात धरल्यावर पहिल्यांदा नीट बघितलं. कोपऱ्यात गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी एक पत्र्याची डबी, वर 4.19 असं काहीतरी लिहिलेलं. हा क्वार्ट्झचा क्रिस्टल. मी नंतर वाचलं, तो सेकंदाला 41,94,304 वेळा थरथरतो, आणि हा आकडा असा विचित्र का, तर त्याला 22 वेळा निम्मं केलं की बरोब्बर 1 उरतो, तोच आपला सेकंद. (मी कागदावर करून बघितलं. येतो.) बिचारा वीस वर्षं सेकंदाला बेचाळीस लाख वेळा थरथरतोय, आणि शेजारी एका डागाला केसाएवढी फट पडली म्हणून त्याची सगळी मेहनत दर स्पीडब्रेकरला पाण्यात.

डाग मारायला चार सेकंद लागले. त्याआधी आयर्न चुकीच्या टोकाला धरून झालं होतं, टेबलावरच्या मेणकापडाला एक भोक पडलं होतं, घरभर राळेचा वास सुटला होता, आणि आई आतून दोनदा "कोणी उदबत्ती लावली का रे" विचारून गेली होती.

सकाळी बसवलं. वेळ लावायचं बटण आत गेलेलं असल्याने ते टूथपिकने दाबावं लागतं, पण लागलं. मुद्दाम सोसायटीच्या फाटकावरच्या त्या उंटाच्या पाठीसारख्या स्पीडब्रेकरवरून तीनदा नेली. वॉचमन सलाम करून करून थकला. 8:20 चे 8:20 राहिले, नंतर 8:21 झाले. तुटलेल्या लॉकमुळे पॅनल आता हादरा बसला की कुर्र करतं, ते जाऊ दे.

आठवडा छान गेला. मग परवा बायकोला घेऊन लक्ष्मी रोडकडे चाललो होतो, सिग्नलला सहज नजर गेली तर 1:00. पोटात धस्स झालं. गेलं. 640 आणि 200, गेले. सिग्नल हिरवा झाला तरी मी तसाच, मागून हॉर्नवर हॉर्न, मी म्हणतोय थांब, एक मिनिट, 1:01 होतात का बघतो. झाले 1:01. मग लक्षात आलं की ते तर आधीही व्हायचे.

बायकोने काही न बोलता पर्समधून मोबाईल काढला आणि डॅशबोर्डवर, घड्याळाला टेकवून उभा केला.