टाकीत 100, पण फाइल कुठल्या आकड्याची?

मुंबईतल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी खाली विचारलं होतं, "दादा, करू का?" मजकूर थोडक्यात असा: ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, 100 ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं की कुठलीही गाडी जास्त पळते आणि इंजिन आतून साफही होतं. परदेशात टर्बो गाड्यांचं स्टेज वन ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम, म्हणजे फाइल, बदलून ताकद वाढवायची पहिली पायरी) 93 वर चालतं, आपल्याकडे आता साधं पेट्रोलच 95 आहे, तेव्हा बिनधास्त ट्यून करा. धाकधूक वाटली तर ऑक्टेन वाढवणाऱ्या बूस्टरची बाटली टाकीत ओता. नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर असतोच, इंजिनाला काही होत नाही.

साकीनाक्याच्या गाळ्यात मी गेली बारा वर्षं लॅपटॉप लावून गाड्या ट्यून करतोय. या मजकुरातल्या काही गोष्टींनी फक्त पैसे वाया जातात, पण त्या 93 च्या वाक्याने इंजिन जाऊ शकतं. म्हणून हे लिहितोय.

आधी ताकदीचं बघू. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की आग एका टोकाकडून पसरत जाते. ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर ते नॉकिंग. असं आपोआप पेटणं पेट्रोल किती रोखून धरतं, एवढंच ऑक्टेनचा आकडा सांगतो. त्या मोजपट्टीवर आयसो-ऑक्टेनला 100 आणि हेप्टेनला 0 धरलेलं आहे. त्यात ऊर्जेचा हिशोब कुठेच येत नाही. इथेनॉलचंच घ्या. त्याचं ऑक्टेन 100 च्या वर जातं, पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश. ऑक्टेन म्हणजे ताकद असती, तर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यावर मायलेज वाढलं असतं. ते कमी झालंय, हे टाकी भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

कंपनीने साध्या पेट्रोलवर बसवलेल्या, टर्बो नसलेल्या छोट्या गाडीत ठिणगी एका मर्यादेपर्यंतच लवकर पाडता येते. तिथे 100 टाकलं तर ते वापरायला इंजिनाकडे जागाच नसते. साधारण दीडपट पैसे मोजून हाती काही लागत नाही. ज्या इंजिनाला कंपनीनेच 95 किंवा 98 सांगितलंय त्याची गोष्ट वेगळी, तिथे फरक पडतो. आणि इंजिन साफ ठेवतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं डिटर्जंट. त्याचा ऑक्टेनशी संबंध नाही.

आता तो 93 चा आकडा. अमेरिकेतल्या पंपावर लिहिलेला आकडा आणि आपल्या पंपावरचा आकडा एकाच मोजपट्टीवरचे नाहीत. ऑक्टेन मोजायच्या दोन चाचण्या आहेत, रॉन आणि मॉन. आपण आणि युरोप रॉनचा आकडा लिहितो. अमेरिकेत रॉन आणि मॉन यांची सरासरी लिहितात. मॉनची चाचणी जास्त कडक: इंजिन 600 ऐवजी 900 आरपीएमवर फिरवतात, मिश्रण आधीच तापवून आत सोडतात. त्यामुळे मॉनचा आकडा रॉनपेक्षा बहुधा आठ-दहाने खाली येतो, आणि सरासरी चार-पाचने. म्हणजे अमेरिकेतलं 93 हे आपल्या 97-98 रॉनच्या जवळपास. आपलं 95 त्यांच्याकडे 91 च्या आसपास बसेल. फाइलवर 93 वाचून 95 भरणारा माणूस "दोनने जास्तच आहे" असं समजतो आणि खरं तर तीनने कमी भरतो.

माझ्या भाच्याने नेमकं हेच केलं. सेकंडहँड दोन लिटर टर्बो सेडान घेतली, बाहेरून "93 स्टेज वन"ची फाइल टाकून घेतली आणि साध्या पेट्रोलवर तीन महिने फिरवली. मे महिन्यात शीव-चुनाभट्टीच्या रांगेत पाऊण तास अडकून गाळ्यावर आला, तशीच तापलेली गाडी मी डायनोवर, म्हणजे जागेवर चाकं फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवली. चौथा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आत जाणारी हवा 58 अंशांवर होती. लॉगमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर उतरलेल्या नोंदीत, चारही सिलिंडरचं टायमिंग चार ते सहा अंश मागे खेचलं जात होतं, म्हणजे नॉकिंग टाळायला ठिणगी तेवढी उशिरा पडत होती. कानाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. दोन दिवसांनी टाकी रिकामी करून 100 भरलं, गाडी पुन्हा तशीच तापवली आणि तीच चाचणी घेतली. फक्त तिसऱ्या सिलिंडरला एक-दीड अंश उरला होता. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे 100 ने ताकद वाढलीच ना?" मी म्हटलं, "नाही रे. ताकद फाइलमध्ये होती. आधीचं पेट्रोल तिला पेलत नव्हतं."

आपलं ई20 पेट्रोल 95 रॉनचं, एवढा भाग त्या मजकुरात बरोबर आहे. पण इथेनॉलमुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. ट्यून केलेल्या गाडीचा, पेट्रोल दाबाने इंजेक्टरकडे ढकलणारा हाय प्रेशर पंप आधीच पूर्ण जोर लावत असतो. म्हणून लॉग बघताना टायमिंगच्या शेजारी रेल प्रेशरचा, म्हणजे त्या पंपाने दिलेल्या दाबाचा, रकाना उघडा ठेवा. वरच्या आरपीएमला तो कोसळत असेल, तर ऑक्टेन कितीही असो, फाइल खाली आणायला हवी.

नॉक सेन्सरवर सगळा भार टाकणं तर मला अजिबात पटत नाही. सेन्सरला नॉकिंग कळतं तेव्हा ते होऊन गेलेलं असतं. वाईट पेट्रोल, मुंबईचा उकाडा, घाटातली चढण या सगळ्यासाठी कंपनीने थोडी जागा राखून ठेवलेली असते. स्टेज वन तीच जागा वापरतं. टायमिंग सतत मागे राहिलं की एक्झॉस्ट जास्त तापतो आणि ती झळ टर्बोला लागते. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमवर जास्त बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, मागितला की कधीकधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. तिथे टायमिंग मागे घेऊन सेन्सर काय करणार? एका झटक्यात पिस्टनची रिंगपट्टी (दोन रिंगांमधला पिस्टनचा भाग) तुटलेली मी हातात धरून पाहिली आहे.

बूस्टरच्या बाटलीबद्दल एवढंच: "10 पॉइंट वाढ" लिहिलेलं असेल, तर त्या धंद्यात दहा पॉइंट म्हणजे बहुतेक वेळा ऑक्टेनचा एक आकडा, 95 चं 96. काही बाटल्यांत लोहाचं संयुग असतं. अशा गाडीचे स्पार्क प्लग उघडले की टोकाला विटकरी लाल थर दिसतो, आणि त्यानेच पुढे मिसफायर सुरू होतो.

भाच्याच्या गाडीत आता दोन फाइली आहेत. रोजची 98 रॉन धरून लिहिलेली, तिच्यासाठी तो 100 भरतो. दुसरी कमी बूस्टची, 91 रॉनवरही सुरक्षित चालणारी. गणपतीला कणकवलीला जाताना वाटेत 100 मिळेलच याचा भरवसा नसतो, म्हणून निघायच्या आदल्या रात्री तो गाळ्यावर येऊन दुसरी फाइल चढवतो. पेट्रोलच्या झाकणाच्या आत आम्ही पांढरी पट्टी चिकटवली आहे. कुठली फाइल चालू आहे ते त्यावर पेन्सिलने लिहितो, म्हणजे पंपावर घरातलं कुणीही गेलं तरी काय भरायचं ते वाचता येतं.