फायरवॉल घेतलीत? आता ती उघडी कशी ठेवाल

फायरवॉल, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या वेशीवर येणारं-जाणारं तपासणारी पेटी, आणलीत? अभिनंदन! आता तिचे दिवे लुकलुकताना सगळ्यांना दिसतील अशा जागी ती बसवा. कंपनीने दिलेला पासवर्ड बदलू नका, व्हेंडरच्या पोरांना तो पाठ असतो.

नियम लिहिताना मन मोठं ठेवा. काही जुन्या खोडाचे लोक सांगतील की आधी सगळं बंद करायचं, मग कामापुरतं एकेक उघडायचं, आणि यादीच्या तळाशी ‘बाकी सगळ्यांना मनाई’ ठेवायची. फार कटकट हो! कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या पोर्टवर, म्हणजे कुठल्या नंबरच्या दारातून, बोलतं हे माहीत असावं लागतं. त्यापेक्षा यादीच्या डोक्यावर ‘एनी टू एनी, अलाउ’, म्हणजे कुठूनही कुठेही जाऊ द्या, असा नियम टाका. बहुतेक फायरवॉल वरून खाली वाचत येतात आणि जुळलेल्या पहिल्याच नियमाशी थांबतात. खालचे सगळे नियम वाचण्याचे तिचे कष्ट वाचले.

लॉग, म्हणजे कोण आलं-गेलं त्याची नोंदवही, बघू नका. बीपी वाढतं.

पावसाळ्यात मात्र विशेष तत्परता दाखवा. कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं आणि साहेब ठाण्याला घरी अडकले, की सर्व्हर दुरून चालवायचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ३३८९ नंबरचं पोर्ट, थेट इंटरनेटवर उघडून द्या. व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित बोगदा, आहे, पण त्यात ओटीपी टाकावा लागतो आणि साहेबांचा मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो. कुठून येऊ द्यायचं? कुठूनही! उद्या साहेब लोणावळ्याला गेले तर? नियमापुढे ‘टेम्पररी’ असा शेरा मारा, म्हणजे तो अमर होतो. आमच्याकडे झालाच. पाणी ओसरलं, गाड्या सुरू झाल्या, गणपती गेले, दिवाळी गेली. मी मेलवर मेल टाकतोय की हा नियम काढू या, आणि उत्तर एकच, ‘राहू दे रे, कोणाला कळतंय?’ कोणाला कळतंय म्हणे! मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप नावाचं साधन काढलं. गिगाबिट लाइन असेल तर ते एकाच कॉम्प्युटरवरून इंटरनेटवरचे जगातले सगळे आयपीव्ही४ पत्ते (कॉम्प्युटरचे नंबर) पाऊण तासाच्या आत चाचपून येतं, सांगाल ते एक पोर्ट कुठे कुठे उघडं आहे ते. त्यात अंधेरीतलं आपलं ऑफिस तेवढं सुटणार? व्हेंडर म्हणाला, नंबर बदलून ३३९० करू, मग कोणी ओळखणार नाही. वा! पासवर्ड ठोकून बघणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात, त्यांना ना शनिवार ना रविवार. सोमवारी ऑफिस उघडलं तर टॅलीचा डेटा, चलनं, पगारपत्रकं, सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. बॅकअप त्याच नेटवर्कवर, त्याच पासवर्डने. तोही गेला.

आत विभाग पाडू नका. सीसीटीव्ही, पाहुण्यांचं वायफाय आणि अकाउंट्स, सगळे एकाच नेटवर्कवर गुण्यागोविंदाने नांदू देत. वेशीवरच्या फायरवॉलला आतल्या आत काय चाललंय ते दिसत नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस कंपन्यांमध्ये असाच आतल्या आत पसरला आणि आपल्या शेजारच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. पण ते मोठे लोक, आपलं काय!

बाहेर जाणारं तर काहीच अडवू नका. गेलं ते गेलं.

अहो, अवघड काय आहे यात? आजची फायरवॉल लक्षात ठेवते. आतल्या कॉम्प्युटरने बाहेर बोलणं सुरू केलं की दोन्हीकडचे पत्ते आणि पोर्ट टेबलात टिपते आणि त्या बोलण्याचं उत्तर तेवढं आत घेते. मेल वाचायला, जीएसटी भरायला, बँकेची कामं करायला बाहेरून आत एकही पोर्ट उघडावं लागत नाही. एकही नाही! उघडलंत ते सहा आकडे टाकायच्या कंटाळ्यापायी. आणि वर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मलाच विचारता, ‘फायरवॉल होती ना आपल्याकडे?’ होती. तुम्ही लिहायला लावलंत तेच तिने केलं. यापुढे प्रत्येक नियमाला मुदत घाला, तो मागणाऱ्याचं नाव त्यापुढे लिहा, आणि घरून काम करायचं असेल तर मुकाट्याने व्हीपीएन लावा. मोबाइल दुसऱ्या खोलीत असेल तर उठा आणि घेऊन या.