परवाना नाकारण्याची शास्त्रोक्त पद्धत

अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांना वाहन चालविण्याचा परवाना द्यावा की नाही, या वादात आपणांस उतरायचेच असेल (आणि न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी माणसाला शनिवारच्या जेवणावळीत ते टाळणे अवघडच), तर प्रथम एक सिद्धांत मनाशी पक्का करावा: ज्याच्याजवळ परवाना नाही, तो गाडी चालवीत नाही. पहाटे महामार्गावर बांधकामाच्या आणि बागकामाच्या सामानाने भरलेले ट्रक पाहून हा सिद्धांत डळमळू लागला, तर डोळे मिटून घ्यावेत. अर्थात त्या वेळी आपण स्वतः गाडी चालवीत नसाल तर.

परवाना म्हणजे नजरेची तपासणी, नियमांची परीक्षा आणि रस्त्यावरची चाचणी, आणि ती उत्तीर्ण झालेला चालक शेजारच्या मार्गिकेत असणे आपल्याच हिताचे, असे कोणी म्हणेल. त्यावर शांतपणे सांगावे की परीक्षा न देता गाडी चालविणारा मनुष्य कायद्याच्या धाकाने अधिक जपून चालवितो. आपण मायदेशी एजंटाच्या कृपेने, 'आठ' न काढताच, परवाना मिळविला होता, हा तपशील येथे सांगू नये.

विम्याचा विषय निघाल्यास मात्र विशेष सावध राहावे. परवाना नसला की विमा मिळणे कठीण होते, आणि विमा नसला की अपघातानंतर थांबण्यापेक्षा पळणे सोयीचे वाटू लागते. असा कोणी आपल्या गाडीचे दार चेपून नाहीसा झाला, तर दुरुस्तीचा खर्च आपल्या विम्यातून, म्हणजे फिरून आपल्याच हप्त्यांतून, भरला जातो. तो हप्ता तत्त्वनिष्ठेची वर्गणी समजून आनंदाने भरावा, आणि पळालेल्या माणसाकडे बोट दाखवून 'पाहा, हे लोक पळतात' असे म्हणावे. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून असे परवाने देण्यास सुरुवात केली, पहिल्याच वर्षी सहा लाखांहून अधिक लोकांनी ते घेतले, आणि अपघात करून पळून जाण्याचे प्रकार घटले, तर एकूण अपघात काही वाढले नाहीत, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळले. असले संशोधन जेवणानंतर वाचू नये. पचनास जड जाते.

आपल्याला राजकारणात उतरण्याची हौस असेल, तर पूर्वसूरींकडून शिकावे. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी २००३ च्या सप्टेंबरात अशा कायद्यावर सही केली, ऑक्टोबरात मतदारांनी त्यांना पदावरून परत बोलाविले, आणि डिसेंबरात तो कायदा अंमलात येण्यापूर्वीच रद्द झाला. न्यूयॉर्कचे गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांनी २००७ मध्ये जाहीर केलेली अशीच योजना दोन महिन्यांत मागे घेतली. आदर्श घ्यावा तो हिलरी क्लिंटन यांचा: त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या इच्छुकांच्या फिलाडेल्फियातील वादसभेत त्यांनी याच योजनेविषयीच्या एकाच प्रश्नावर प्रथम समजूतदारपणा दाखविला आणि लगेच, 'हे करायला हवे असे मी म्हटलेच नाही' अशा आशयाचा खुलासाही केला.

परवाना दिला की हे लोक उद्या मतदानाला जातील, हा मुद्दा हमखास टाळ्या मिळवितो. आपण स्वतः नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसावर इतकी वर्षे परवाना खिशात बाळगून होता आणि त्यापायी आपणांस कोणी मतदानाला नेले नाही, हे श्रोत्यांपैकी निम्म्यांच्या बाबतीत खरे असल्याने कोणी बोलून दाखविणार नाही.

खरी कसोटी त्या व्हिसाच्या मुदतीची आहे. अनेक राज्यांत आपल्या परवान्याची मुदत व्हिसाच्या, म्हणजे मुक्कामाच्या परवानगीच्या, कागदावरील तारखेशी बांधलेली असते. मुदतवाढीचा अर्ज वेळेवर केलेला असला तर नोकरी २४० दिवसांपर्यंत करता येते, परंतु परवान्याच्या कचेरीतील खिडकीला नवा कागदच पाहिजे असतो. त्या तारखेला मध्यरात्री बाराच्या ठोक्याला आपल्या हातापायांतून गाडी चालविण्याचे कौशल्य निघून जाते, असेच मानावे. अशा वेळी 'अहो, मला पंधरा वर्षे गाडी चालविता येते, माझ्या कागदाचा आणि ब्रेकचा काय संबंध?' असे ओरडावेसे वाटले, तर दारे-खिडक्या लावून ओरडावे. कारण विरुद्ध पक्षाचा युक्तिवाद शब्दशः हाच आहे. शिवाय आपली नोकरीवर पोहोचण्याची अडचण ही अडचण असते आणि त्यांची ती पळवाट असते, हा भेद कधीही विसरू नये.

न्यू जर्सीने १ मे २०२१ पासून कागदपत्रांविना राहणाऱ्यांनाही साधा परवाना खुला केला, आणि 'रिअल आयडी' (कायदेशीर वास्तव्याचा पुरावा दाखवून मिळणारे, कोपऱ्यात चांदणी छापलेले ओळखपत्र) न घेतलेल्या नागरिकाच्या खिशातही तोच परवाना असतो. या समानतेने आपणांस अस्वस्थ वाटत असेल, तर रिअल आयडी काढून घ्यावे. त्या चांदणीने मनाला गारवा मिळतो.

एवढी तयारी झाली की शनिवारच्या जेवणावळीत निर्धास्त बोलावे. मात्र रविवारी घरी सत्यनारायण असेल, तर हिरवळ कापणाऱ्या माणसाला आदल्या रात्रीच निरोप धाडावा की पाहुणे दहाला येतात, म्हणून त्याने सातलाच यावे. तो बसने येतो म्हणाला, तर त्याला समजावून सांगावे की गवत कापण्याचे यंत्र बसमध्ये चढत नाही.