मूल मागे बसवा, पण मांडीवर नको

डिसेंबर 2024मध्ये वाशीत पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर दगावला. असं काही घडलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरू लागतो: एअरबॅग मुलांच्या जिवावर उठते, म्हणून मुलाला मागे आईच्या मांडीवर द्या, मागे बेल्टची गरज नाही आणि गावातल्या गावात तर नाहीच.

एअरबॅगचं म्हणणं खरं आहे. पापणी लवायच्या आत ती ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगाने उघडते, आणि ती बेतलेली असते बेल्ट लावून बसलेल्या मोठ्या माणसासाठी. तिच्या माऱ्यात मुलाचं डोकं आणि मान येते. म्हणून तेराव्या वर्षापर्यंत मूल मागेच बसावं. बाळाची उलट्या तोंडाची सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नये. पुढच्या सीटवरचा सन व्हायझर खाली ओढून बघा, ही ताकीद चित्रासकट छापलेली असते.

पण मांडीवर? ताशी 50च्या वेगातली गाडी धडकून अर्ध्या-पाऊण मीटरात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला दीडशे किलोच्या आसपास जोर लागतो. तो कुठल्याच आईच्या हातात नसतो, आणि 50 हा गावातलाच वेग आहे. दोघांभोवती एकच बेल्ट घेणं तर त्याहून घातक: आई पुढे फेकली जाते आणि बाळ तिच्या अंगाखाली बेल्टवर चिरडतं.

मागे बेल्ट लागत नाही म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर 2022मधला पालघरचा अपघात आठवावा. त्यात दगावलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागेच बसले होते, बेल्ट न लावता. कायदाही स्पष्ट आहे: 14 वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड.

तेव्हा चाइल्ड सीट घ्याच. मागच्या सीटच्या पाठ आणि बैठकीमधल्या फटीत बोटं घाला. बऱ्याच नव्या गाड्यांत तिथे आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या लागतात, सीट त्यांत अडकते. मूल साधारण 145 सेंटिमीटर उंच होईपर्यंत बूस्टर, म्हणजे बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, लागतो. गळ्याला घासतो म्हणून बेल्ट काखेखालून घेऊ देऊ नका, सगळा हिसका बरगड्यांवर आणि पोटावर येतो. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध आणि खालचा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या भागावर टेकला पाहिजे.